औषधालयातील रसायनज्ञ : कार्ल शेले

काचेच्या भट्टीवर काम करणाऱ्या कारागिरांस एक करडा, काळपट दगड फार प्राचीन काळापासून ठाऊक होता. तो वजनास जड, हातात घेतला असता बोटे काळी करणारा आणि दिसण्यात लोखंडाच्या खनिजासारखा असे. काच ज्या वाळूपासून करतात तिच्यात लोखंडाचा थोडासा अंश असतो आणि त्यामुळे काचेस हिरवट झाक येते. या दगडाची चिमूटभर पूड वितळलेल्या काचरसात टाकली की ती झाक नाहीशी होऊन काच पाण्यासारखी नितळ दिसू लागे. म्हणून कारागीर त्यास काचेचा साबण म्हणत. मात्र चिमटीच्या ठिकाणी मूठ पडली, तर तीच काच जांभळी होऊन बसे. कुंभारही भांड्यांच्या झिलईस काळा वा तपकिरी रंग देण्यासाठी हीच पूड वापरीत. असा हा दगड शतकानुशतके माणसाच्या कामास येत होता. पण तो आहे तरी काय, हे कोणासही नीट सांगता येत नव्हते. कोणी त्यास लोखंडाचे खनिज म्हणत, तर कोणी काळा मॅग्नेशिया असे नाव देऊन त्याची बोळवण करीत. स्वीडन देशात त्यास ब्रूनस्टेन, म्हणजे तपकिरी दगड, असे म्हणत. या उपेक्षित दगडाचे अंतरंग १७७४ साली ज्याने उघड करून दाखवले, तो कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. तो एका औषधालयातील पगारी मदतनीस होता. त्याचे नाव कार्ल विल्हेल्म शेले.

शेलेचा जन्म १७४२ च्या डिसेंबर महिन्यात श्ट्रालझुंड या गावी झाला. बाल्टिक समुद्राच्या काठचे हे गाव आज जर्मनीत आहे. त्या काळी ते स्वीडनच्या राज्यात मोडत असे. अकरा भावंडांत कार्ल सातवा. वडील व्यापारी होते, परंतु व्यापारात खोट येऊन ते कर्जबाजारी झाले. एवढ्या मोठ्या कुटुंबातील सातव्या मुलास विद्यापीठात पाठवण्याइतकी ऐपत उरली नाही. त्याचा थोरला भाऊ गॉथेनबर्ग येथे बाउख नावाच्या औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करीत असतानाच वारला होता. पुढे त्याच दुकानात, १७५७ साली, चौदा वर्षांचा कार्ल उमेदवार म्हणून दाखल झाला.

त्या काळचे औषधालय हे आजच्यासारखे तयार बाटल्या व गोळ्या विकण्याचे दुकान नव्हते. औषधे तेथेच तयार होत. क्षार विरघळवावयाचे, गाळावयाचे, आटवावयाचे. मुशीत धातू जाळून त्यांचे भस्म करावयाचे. बकपात्रातून अम्ले काढावयाची. ही सारी कामे उमेदवारांनीच करावयाची असत. बहुतेक मुले ती निमूटपणे करीत आणि रात्री झोपी जात. कार्लची गोष्ट निराळी होती. दिवसा जे पदार्थ हातून जात, त्यांचे रात्री तो पुन्हा परीक्षण करी. मालकाच्या कपाटात रसायनशास्त्राचे काही जुने ग्रंथ होते. ते तो वाची आणि त्यांत लिहिलेला प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाही. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, असे त्याचे मन मानीत नसे. रात्री-अपरात्री चाललेल्या या उद्योगाने मुलाची प्रकृती बिघडेल, अशी चिंता बाउखने त्याच्या वडिलांना पत्राने कळवली होती. मालक चांगला होता. त्याने चिंता केली, पण मुलास आडकाठी केली नाही. आठ वर्षे शेले तेथे राहिला. शाळा म्हणावी, महाविद्यालय म्हणावे, ते त्याचे हेच.

१७६५ साली बाउखने दुकान विकले. त्यानंतर शेले माल्मो येथे, मग राजधानी स्टॉकहोम येथे आणि १७७० साली उप्साला येथे, अशा निरनिराळ्या औषधालयांत मदतनीस म्हणून राहिला. माल्मोस त्याची रेट्झियस नावाच्या तरुण विद्वानाशी मैत्री जडली. शेलेस मुळात लिहिण्याचा कंटाळा. केलेले प्रयोग कागदावर उतरवून ठेव, असा तगादा याच मित्राने त्याच्यामागे लावला, ही विज्ञानावर त्याने केलेली मोठीच कृपा होय.

उप्साला हे विद्यापीठाचे गाव. टॉर्बर्न बर्गमन हे तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची कीर्ती साऱ्या युरोपात पसरलेली होती. शेलेची व त्यांची भेट व्हावयास तसा वेळ लागला. शेलेने पूर्वी पाठवलेला एक निबंध बर्गमन यांच्या हाती जाऊन तसाच पडून राहिला होता आणि त्यामुळे या संकोची तरुणाचे मन दुखावले होते. पुढे योग आला तो सोऱ्यामुळे. शेले ज्या लॉकच्या औषधालयात काम करी, तेथे एक चमत्कार दिसून आला. साध्या सोऱ्यावर शिरक्यासारखे सौम्य अम्ल घातले तर काही होत नसे. परंतु तोच सोरा बराच वेळ तापवून मग त्यावर ते अम्ल घातले, तर तांबडी वाफ बाहेर पडे. लॉकने गान नावाच्या एका तरुण खनिजशास्त्रज्ञास याचे कारण विचारले. त्यास ते सांगता येईना. त्याने बर्गमन यांस विचारले. त्यांनाही उलगडा होईना. दुकानातील मदतनिसाने मात्र तो सहज करून दाखवला. तापवल्याने सोऱ्याचे रूप पालटते, त्याचा एक निराळाच क्षार बनतो आणि त्यातील अम्ल इतके दुर्बळ असते की शिरकासुद्धा त्यास हाकलून लावतो, असे ते कारण होते. गानने हे ऐकले मात्र, त्याने शेलेस बर्गमन यांच्या भेटीस नेण्याचे ठरवले. नाही नाही म्हणत शेले अखेर गेला आणि तिघांची जन्माची मैत्री झाली. प्राध्यापकाने मदतनिसास नव्या शास्त्रीय कल्पना समजावून दिल्या आणि मदतनिसाने प्राध्यापकास प्रयोग कसा करावा हे दाखवले. यात कोणी कोणाकडून अधिक घेतले हे ठरवणे कठीण आहे.

बर्गमन यांच्याच सूचनेवरून शेलेने ब्रूनस्टेनचे काम हाती घेतले. सुमारे तीन वर्षे तो या एका दगडाच्या मागे होता. दिवसा गिऱ्हाइकांच्या पुड्या बांधावयाच्या आणि उरल्या वेळी ही पूड निरनिराळ्या अम्लांत घालून काय होते ते पाहावयाचे, असा त्याचा क्रम होता. त्याची साधने अगदी साधी होती. काचेची बकपात्रे, मुशी, वाळूची कढई, कोळशाची शेगडी आणि वायू साठवण्यासाठी बैलाच्या मूत्राशयाची पिशवी, एवढ्यावर त्याचे काम चाले. वायूचे माप घेण्याची उत्तम उपकरणे इंग्लंडात व फ्रान्सात तयार होऊ लागली होती; ती त्याच्यापाशी नव्हती.

एके वेळी त्याने ब्रूनस्टेनची पूड बकपात्रात घालून तिच्यावर मिठापासून काढलेले तीव्र अम्ल ओतले, पात्राच्या तोंडास रिकामी पिशवी बांधली आणि पात्र उष्ण वाळूत ठेवले. पिशवी हळूहळू फुगली. आत जमलेल्या वायूने ती पिवळी पडली होती. वायूचा वास तापलेल्या अम्लराजासारखा उग्र असून तो छातीत जाताच जीव गुदमरे. शेलेने तो बाटल्यांत भरून त्याची कसून परीक्षा केली. बाटलीचे बूच पिवळे पडले. निळा लिटमस कागद जवळजवळ पांढरा झाला. हिरवी पाने आणि तांबडी, निळी, पिवळी फुले त्यात धरताच थोड्याच वेळात रंगहीन झाली; आणि मग अम्ल लावा की क्षार लावा, गेलेला रंग परत येईना. किडे त्यात तत्काळ मेले. धातूंवरही या वायूचा मारा चाले. हाच आज आपण ज्यास क्लोरीन म्हणतो तो वायू. त्यापूर्वी कोणीही तो वेगळा काढून त्याचे गुणधर्म तपासले नव्हते.

एका दगडातून एवढे निघाले असते तरी पुष्कळ झाले असते. परंतु शेलेने आणखी दाखवून दिले की ब्रूनस्टेन हे लोखंडाचे खनिज नाही आणि चुन्याचा प्रकारही नाही. त्यात तोवर अज्ञात असलेली एक स्वतंत्र धातू आहे. धातू प्रत्यक्ष गाळून काढण्यास फार प्रखर उष्णता लागते आणि तशी भट्टी शेलेपाशी नव्हती. ते काम त्याच वर्षी गानने केले. मुशीस आतून कोळशाच्या पुडीचा लेप देऊन त्याने ब्रूनस्टेन तापवला आणि तळाशी धातूची गोळी मिळवली. ती धातू म्हणजे मँगनीज. त्याच दगडाच्या नमुन्यात मिसळलेली एक जड मृदाही शेलेच्या नजरेस पडली. ती पुढे बेरियमचे ऑक्साइड म्हणून ओळखली गेली. काही वनस्पतींची राख सोऱ्याबरोबर वितळवली असता तिला हिरवा-निळा रंग येतो, तो तिच्यातील मँगनीजच्या अंशामुळे, हेही त्यानेच सांगितले. हे सर्व त्याने स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात १७७४ साली एका निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केले.

आता हा करडा दगड म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. धातूचा प्राणवायूशी संयोग होऊन जो पदार्थ बनतो, त्यास ऑक्साइड म्हणतात. लोखंडावर चढणारा तांबूस गंज हे त्याचे नेहमीच्या पाहण्यातले उदाहरण. ब्रूनस्टेन हे मँगनीजचे ऑक्साइड होय. त्यात मँगनीजच्या एका अणूस प्राणवायूचे दोन अणू जोडलेले असतात, म्हणून त्यास मँगनीज डायऑक्साइड असे म्हणतात. खाणीत सापडणाऱ्या त्याच्या खनिजाचे नाव पायरोल्युसाइट. स्फटिकरूपात त्याचा रंग पोलादासारखा करडा आणि चकाकणारा असतो. मऊ, भुसभुशीत असेल तर तो काळा दिसतो. या ऑक्साइडचा विशेष असा की आपल्याजवळचा काही प्राणवायू ते सहज देऊन टाकते. हा एक स्वभाव ध्यानात ठेवला की त्याच्या साऱ्या करामतींचा उलगडा होतो. काचरसातील लोखंडास ते प्राणवायू देते, त्यामुळे हिरवा रंग फिका पिवळट होतो. आणि मँगनीजची स्वतःची किंचित जांभळी छटा त्या पिवळटपणास झाकून टाकते. मिठाच्या अम्लात हायड्रोजन व क्लोरीन एकत्र असतात. तेथे ऑक्साइडातील प्राणवायू हायड्रोजनास पकडून त्याचे पाणी करतो आणि क्लोरीन मोकळा सुटतो.

शेलेने मात्र हे असे सांगितले नाही. त्याच्या काळी सर्व रसायनज्ञ फ्लॉजिस्टन नावाचे एक कल्पित ज्वलनतत्त्व मानीत असत. पदार्थ जळतो तेव्हा त्यातून हे तत्त्व बाहेर पडते, अशी समजूत होती. नव्या पिवळ्या वायूस शेलेने फ्लॉजिस्टन काढून घेतलेले मिठाचे अम्ल असे म्हटले. गंमत अशी की फ्लॉजिस्टनच्या जागी हायड्रोजन हा शब्द घातला, तर त्याचे म्हणणे जवळजवळ बरोबर ठरते. पुढे फ्रान्समधील नव्या मताच्या रसायनज्ञांनी या वायूत प्राणवायू आहे असे ठरवून टाकले आणि सुमारे पंचवीस वर्षे जग त्या अधिक मोठ्या भ्रमात राहिले. १८१० साली हम्फ्री डेव्ही याने हा वायू एक मूलद्रव्य आहे असे दाखवून त्यास क्लोरीन हे नाव दिले.

या वायूने फुलांचा रंग जातो ही गोष्ट शेलेने नोंदवली आणि तो पुढच्या कामास लागला. तिच्यातून पैसा निघेल हा विचार त्यास शिवला नाही. तो फ्रेंच शास्त्रज्ञ बर्तोले याने १७८५ च्या सुमारास केला. त्यापूर्वी युरोपात कोरे कापड पांढरे करण्यासाठी ते गवताळ कुरणांवर महिनेच्या महिने उन्हात पसरून ठेवावे लागे आणि अधूनमधून आंबट ताकात भिजवावे लागे. क्लोरीनने हेच काम काही तासांत होऊ लागले. १७९९ साली चार्ल्स टेनंट याने क्लोरीन चुन्यात मुरवून विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, तयार केले. कापडाच्या गिरण्या वाढल्या तशी या चुर्णाची मागणी वाढली आणि त्यासाठी ब्रूनस्टेन जहाजे भरभरून जाऊ लागला. १८६० नंतरच्या काळात वेल्डन नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने वापरून झालेल्या ऑक्साइडापासून ते पुन्हा तयार करण्याची युक्ती शोधली, तोवर दर वेळी ते फेकूनच द्यावे लागे. आज क्लोरीन मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढतात. त्या कामी करड्या दगडाची गरज उरलेली नाही. पिण्याच्या पाण्यातील रोगजंतू मारण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून क्लोरीन वापरला जाऊ लागला आणि त्याने असंख्य जीव वाचवले. त्याच वायूने पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिल महिन्यात, बेल्जममधील ईप्र येथे सैनिकांचे प्राण घेतले, हेही नमूद केले पाहिजे.

ब्रूनस्टेनचा खप मात्र थांबला नाही. १८६६ साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने विजेचा एक नवा घट तयार केला. त्यात एका बाजूस जस्त, दुसऱ्या बाजूस कोळशाची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड व कोळसा यांची ठासून भरलेली पूड असे; मध्ये नवसागराचे पाणी असे. पुढे पाण्याऐवजी ओलसर लगदा वापरून त्याचाच कोरडा घट झाला. रात्री शेतात जाताना हाती असणाऱ्या विजेरीतील सेल तो हाच. जुना सेल फोडला असता हात काळे करणारी जी पूड सांडते, ती शेलेच्या ब्रूनस्टेनची वंशज होय. जस्ताकडून निघालेला विजेचा प्रवाह कांडीपर्यंत पोचला की तेथे त्याचा स्वीकार करण्याचे काम हे ऑक्साइड करते; ते संपत आले की दिवा मंद होतो.

साध्या सेलास खाणीतले चांगले खनिज निवडून व दळून चालते. अधिक ताकदीच्या सेलांस फार शुद्ध ऑक्साइड लागते आणि ते कारखान्यात विजेच्या साहाय्याने तयार करतात. खनिज प्रथम कोळशाबरोबर भाजतात, म्हणजे त्यातील काही प्राणवायू निघून जाऊन ते अम्लात विरघळण्याजोगे होते. मग ते गंधकाम्लात विरघळवून लोखंड व इतर मळ गाळून काढतात. स्वच्छ झालेला द्रव हौदात तापवून त्यात वीज सोडतात. धनाग्रावर कित्येक दिवस करड्या-काळ्या ऑक्साइडचा थर बसत राहतो. तो जाड झाला की ठोकून काढतात, दळतात, धुतात आणि वाळवतात. असे ऑक्साइड तयार करणारा एक कारखाना महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे आहे आणि तेथील उघड्या खाणीतून सेलांच्या उद्योगास लागणारे मँगनीज डायऑक्साइडचे खनिजही निघते. नागपूर व भंडारा जिल्हे आणि त्यांस लागून असलेला मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्हा हा भारतातील मँगनीजचा एक मोठा पट्टा होय. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथे खाणकाम चालू आहे. येथून निघणारे बहुतेक मँगनीज पोलादाच्या भट्ट्यांकडे जाते, कारण पोलादातील गंधकाचा दोष त्यावाचून दूर होत नाही. शंभर भागांत बारा-तेरा भाग मँगनीज घातलेले पोलाद इतके चिवट होते की दगड फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे आणि रेल्वेचे सांधे त्याचे करतात. हे पोलाद १८८२ साली रॉबर्ट हॅडफील्ड याने इंग्लंडात तयार केले.

शेलेच्या चरित्रातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्दैवी शोध प्राणवायूचा. त्याचाही धागा ब्रूनस्टेनशी जोडलेला आहे. ब्रूनस्टेन गंधकाम्लाबरोबर तापवला असता एक वायू निघतो आणि त्यात जळती मेणबत्ती धरली तर ती डोळे दिपवणाऱ्या तेजाने जळते, असे त्यास १७७२ च्या आसपासच दिसून आले होते. सोरा तापवून आणि पाऱ्याचे तांबडे भस्म तापवूनही त्याने हाच वायू मिळवला व त्यास अग्निवायू असे नाव दिले. आपल्या भोवतालच्या हवेत दोन वायू आहेत, त्यांपैकी एक ज्वलनास मदत करतो आणि दुसरा करीत नाही, हे त्याने स्पष्ट दाखवले. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली याने हाच वायू १ ऑगस्ट १७७४ या दिवशी मिळवला, म्हणजे शेलेच्या मागाहून. परंतु प्रीस्टलीने आपला शोध लगेच प्रसिद्ध केला. शेलेने आपले सर्व प्रयोग एका पुस्तकात घातले आणि ते हस्तलिखित १७७५ च्या अखेरीस छापावयास दिले. छापणाऱ्याने दिरंगाई केली, प्रस्तावना लिहिण्यास बर्गमन यांनी वेळ लावला आणि पुस्तक बाहेर पडले ते १७७७ साली. तोवर प्राणवायूची वार्ता साऱ्या युरोपास कळून चुकली होती.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली. ३० सप्टेंबर १७७४ रोजी शेलेने पॅरिस येथील थोर रसायनज्ञ लाव्हाझिए यास पत्र लिहिले होते. आपल्यापाशी मोठे भिंग नसल्याने त्याने लाव्हाझिएस विनंती केली, की चांदीचा एक विशिष्ट क्षार भिंगाने तापवावा आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती जळते का, प्राणी जगतो का, ते पाहून कळवावे. म्हणजे हा वायू कसा मिळवावा हे त्याने स्वतःच सांगून टाकले होते. त्या पत्रास उत्तर आल्याचा पुरावा नाही. लाव्हाझिएने प्राणवायूचे खरे स्वरूप ओळखून रसायनशास्त्राची घडी नव्याने बसवली, हे त्याचे थोरपण निर्विवाद आहे. पण आपल्या लेखनात त्याने या पत्राचा उल्लेख केला नाही. शंभरांहून अधिक वर्षांनी, १८९० साली, फ्रान्समध्ये ते पत्र प्रसिद्ध झाले. शेले मात्र या बाबतीत कोणाशी भांडत बसला नाही.

१७७५ च्या फेब्रुवारीत स्वीडनच्या विज्ञान अकादमीने त्यास आपला सभासद करून घेतले. औषधालयातील एका मदतनिसास असा मान मिळावा, ही त्या संस्थेच्या इतिहासात अपूर्व गोष्ट होती. त्याच वर्षी तो कोपिंग या लहानशा गावी गेला. तेथील औषधविक्रेता पोल हा मृत्यू पावला होता आणि त्याची तरुण विधवा दुकान चालवण्यासाठी माणूस शोधीत होती. मध्यंतरी दुसऱ्या एकाने अधिक रक्कम देऊन दुकान घेण्याचा प्रयत्न केला. परंतु तोपर्यंत गावातील लोकांस शेलेचे मोल कळले होते आणि ते त्याच्या बाजूने उभे राहिले. शेवटी दुकान त्याच्याकडेच आले. १७७७ साली त्याने स्टॉकहोमला जाऊन औषधविक्रेत्याची परीक्षा दिली. अकादमीच्या सभेस तो आयुष्यात एकदाच हजर राहिला, तोही याच खेपेस. बर्लिनसारख्या राजधानीतून मानाच्या जागेसाठी बोलावणे आले, ते त्याने नाकारले. पोटापुरते मिळावे आणि प्रयोगास वेळ उरावा, याहून त्यास काही नको होते.

कोपिंग येथे त्याने अकरा वर्षांत जे काम केले, ते एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेसही भूषण ठरावे. पेन्सिलीतील शिशासारखे दिसणारे एक करडे खनिज त्याने तपासले आणि त्यातून मॉलिब्डेनमचे अम्ल काढले. प्रत्यक्ष पेन्सिलीतील शिसे हा कर्बाचाच एक प्रकार आहे हेही सिद्ध केले. टंगस्टनचे अम्ल त्याने १७८१ साली ज्या खनिजातून मिळवले, त्यास पुढे शेलाइट असे त्याचे नाव देण्यात आले. लिंबातील, दुधातील व सफरचंदातील अम्ले त्याने वेगळी केली. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड. ते जैतुनाच्या तेलाबरोबर उकळून त्याने एक गोड, दाट द्रव मिळवला, तोच ग्लिसरीन. आर्सेनिकपासून त्याने एक सुंदर हिरवा रंग तयार केला. तो विषारी आहे हे त्याने ओळखले होते, तरी पुढे भिंतीवरच्या कागदांस तो सर्रास लावला गेला. १७८२ च्या सुमारास त्याने प्रशियन ब्लू या रंगापासून हायड्रोसायनिक अम्ल काढले. हे अत्यंत जहरी असते. शेलेने मात्र त्याचा वास कसा आहे, चव कशी आहे, याचे शांतपणे वर्णन करून ठेवले आहे!

नवा पदार्थ हाती आला की हुंगून व चाखून पाहण्याची त्या काळच्या रसायनज्ञांची रीतच होती. शेलेच्या हाताखालून पारा, आर्सेनिक, क्लोरीन, सायनाइड असे सर्व प्रकारचे विष गेले. कोपिंगला आरंभी त्याची प्रयोगशाळा म्हणजे लाकडी खोपटे होते आणि स्वीडनचा हिवाळा तर सर्वांस ठाऊक आहे. १७८५ च्या पानगळीपासून त्याची प्रकृती ढासळू लागली. मूत्रपिंडाचा विकार जडला, सांधे दुखू लागले, त्वचेवर रोग उठला. विषारी द्रव्यांच्या सततच्या सहवासाने हे झाले असावे, असे पुष्कळांचे मत आहे.

स्वीडनच्या राजाने या थोर शास्त्रज्ञास पदवी देण्याची आज्ञा केली आणि अधिकाऱ्यांनी चुकून शेले नावाच्या भलत्याच माणसास ती दिली, अशी एक कथा सांगतात. तिला आधार नाही. शेलेस त्याच्या देशातील विद्वान चांगले ओळखत होते. त्याची पुस्तके फ्रान्स, जर्मनी व इंग्लंड येथे भाषांतरित होऊन वाचली जात होती.

पोलच्या विधवेने इतकी वर्षे त्याचे घर सांभाळले होते. दुकान नीट चालू लागले आणि जुने कर्ज फिटले की तिच्याशी विवाह करावा, असे त्याच्या मनात होते. आजाराने तेवढा वेळ दिला नाही. आपला अंत जवळ आला हे ओळखून १७८६ च्या मे महिन्यात त्याने अंथरुणावरच तिच्याशी लग्न केले, म्हणजे दुकान व असेल नसेल ती मिळकत कायद्याने तिच्याकडे जावी. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, २१ मे १७८६ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. कोपिंगचे औषधालय पुन्हा त्या बाईच्या हाती आले.